डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण मरण पावला होता : एका स्पोकन इंग्लिश क्लासचा अनुभव

फी ७,५०० रुपये, मुदत तीन महिने, बॅच संध्याकाळी सात ते साडेआठ. नोट्सच्या स्पायरलचे ३५० वेगळे घेतले, ते आधी सांगितलं नव्हतं. क्लासचं नाव लिहीत नाही. सर माणूस म्हणून चांगले आहेत, आणि संभाजीनगरात असे क्लास गल्लोगल्ली आहेत. हे वाचून कुणाला आपलाच क्लास आठवला तर तोही बरोबरच असेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझी स्वतःची एक सात सीटर गाडी आहे. विमानतळ आणि हॉटेलांवरून पाहुणे घेतो आणि वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा फिरवतो. वेरूळ-अजिंठा जागतिक वारसा यादीत गेलं १९८३ साली, माझा जन्मही त्याच वर्षीचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तोवर मी शाळेच्या शेवटच्या बाकावरून बाहेर पडायच्या तयारीत होतो. आजोबा तर निजामाच्या राज्यात उर्दूतून चौथी झालेले. घरात इंग्रजीचा वारसा म्हणाल तर एवढाच.

वीस वर्षं मी मोडक्या इंग्रजीवर धंदा केला. ‘धिस केव्ह व्हेरी ओल्ड. यू सी, आय वेट.’ पाहुण्यांना समजायचं, पैसे मिळायचे. पण गाडीच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि एका हॉटेलवाल्यानं सांगितलं की नीट इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर असेल तर मोठ्या ग्रुपचं काम देतो. म्हणून वयाच्या चाळिशीत पुन्हा बाकावर बसलो.

क्लासमध्ये आम्ही बावीस जण. वाळूजच्या कंपनीतला एक सुपरवायझर, त्याच्याकडे वर्षातून दोनदा जर्मन माणसं मशिनी बघायला येतात. घाटीतल्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातल्या, दोन सिस्टर. एक आडत दुकानदाराचा मुलगा, त्याला बापानं जबरदस्तीनं पाठवलेलं, तो मागे बसून मोबाइलमध्ये तुरीचे भाव बघायचा. बाकी सगळी मुलाखतीच्या तयारीची पोरं. सर निवृत्त हायस्कूल शिक्षक. पंखा बंद पडला तरी घाम पुसत शिकवायचे, एक दिवसही उशिरा आले नाहीत. फळ्यावरचं अक्षर असं की पुसायला जीव होऊ नये.

पहिला महिना काळ. आणि काळ म्हटलं की तो रुग्ण आलाच. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ हा रुग्ण मी आठवीत असल्यापासून मरतोय. माझ्या आधी माझा मोठा भाऊ शिकला तेव्हाही मरत होता, आणि डॉक्टर अजून पोचलेला नाही. सरांनी वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा दोघी सिस्टर एकमेकींकडे बघून हसल्या. मी नंतर विचारलं तर मोठी सिस्टर म्हणाली, ‘दादा, आम्ही डॉक्टरला फोनवर असं सांगितलं ना, तर तो आम्हालाच आधी अॅडमिट करील.’

दुसऱ्या महिन्यात प्रयोग बदला. ‘ओपन द डोअर’चं काय होतं? ‘लेट द डोअर बी ओपन्ड.’ दार उघडलं जावो! मग ‘टू’ काढून टाका, ‘नो सूनर’ घाला, ‘अॅज सून अॅज’ काढा. दहावीच्या पेपरात जे जे होतं ते सगळं पुन्हा. त्यातच एक वजनदार शब्दांची यादी. ‘बाय’ म्हणू नका, ‘परचेस’ म्हणा. ‘स्टार्ट’ नको, ‘कमेन्स’. ‘हेल्प’ नको, ‘असिस्ट’. ‘गेट डाउन’ तर अजिबात नाही, ‘अलाइट’. सरांचं म्हणणं, या शब्दांनी समोरच्यावर छाप पडते.

मी सरांना विचारलं, ‘सर, लोक असं बोलतात का पण?’

सरांनी खडू माझ्यापुढे धरला. ‘चूक दाखवा यात.’

चूक नव्हतीच, तर दाखवणार काय? गप बसलो. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, म्हणून फी परत मागायलाही तोंड नाही.

आता गाडीत काय झालं ते सांगतो.

पहिला प्रसंग विमानतळावरचा. दिल्लीचं विमान लेट, मी पाटी घेऊन उभा. नवरा-बायको, साठीच्या पुढचे, इंग्लंडचे. पूर्वी मी म्हणालो असतो, ‘वेलकम सर, कार देअर.’ पण आता मी शिकलेला होतो. हे वाक्य मी क्लासमध्ये वीसदा म्हटलेलं, ‘सिन्स’ की ‘फॉर’ यावर सरांनी शाबासकी दिलेली. म्हणालो, ‘गुड इव्हिनिंग, सर. आय हॅव बीन वेटिंग फॉर यू फॉर फिफ्टी मिनिट्स.’ म्हाताऱ्याचा चेहरा पडला. ‘ओह, आय अॅम सो सॉरी,’ म्हणाला. बाई पण सॉरी. बॅगा उचलताना सॉरी, गाडीत बसताना सॉरी. हॉटेलवर त्यांनी पन्नास मिनिटांचे वेगळे पैसे काढून माझ्या हातात ठेवले. मला कळेना हे काय चाललंय. मी आपलं कौतुकानं सांगायला गेलो की बघा, तुमच्यासाठी थांबलो, आणि त्यांच्या कानाला ते भांडण वाटलं. आपल्याकडेसुद्धा सोयऱ्याला स्टँडवर घ्यायला गेलो तर ‘मी पन्नास मिनिटांपासून तुमची वाट पाहत आहे’ असं कुणी म्हणतं का? ‘आत्ताच आलो’ म्हणतो आपण, दोन तास झाले असले तरी.

त्याच जोडप्याला दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला घेऊन निघालो. फुलंब्री सोडलं आणि पाऊस. संधी आयती आली. ‘नो सूनर हॅड वी लेफ्ट फुलंब्री दॅन इट बिगॅन टू रेन.’ म्हातारी आरशातून माझ्याकडे बघायला लागली. ती निवृत्त शाळामास्तरीण निघाली. तिनं मला अगदी मायेनं सांगितलं की वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, पण समोर कुणाच्या तोंडून असं वाक्य ऐकून तिला चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि तेव्हाचा माणूसही चर्चमध्ये प्रवचन देत होता. मी विचारलं, मग काय म्हणायचं? तिनं काचेबाहेर पाहिलं आणि म्हणाली, ‘ओह, हिअर कम्स द रेन.’

हिअर कम्स द रेन. इथे येतो पाऊस. याला सरांनी किती मार्क दिले असते?

गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावली. तिथून पुढे लेण्यांपर्यंत त्यांच्या बसनं जावं लागतं. मी ‘वी हॅव रीच्ड अवर डेस्टिनेशन’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर म्हाताराच पाय ताणत म्हणाला, ‘राइट, हिअर वी आर.’ हेही बघा. इथे आम्ही आहोत! अहो, आहोत ते दिसतंयच की. पण गाडी थांबल्यावर ते लोक हेच म्हणतात. आपण ‘आलं बरं का’ म्हणतो तसं. काय आलं? गाव चालत आलं का? पण ‘आलं’ असंच म्हणायचं, दुसरं काही म्हटलं की माणूस परका वाटतो.

जाताना मी त्यांना बुटांबद्दल सांगितलं. रंगीत चित्रांच्या लेण्यांत बूट काढून आत जावं लागतं. ‘यू मस्ट रिमूव्ह युवर शूज.’ हेही बरोबर. पण ‘मस्ट’ ऐकून म्हातारा ताठ झाला, जणू मी पोलीस. बाईनं सुधारून दिलं : ‘यू विल नीड टू टेक युवर शूज ऑफ.’ शूज मध्ये आणि ‘ऑफ’ शेवटी लोंबतोय. आमच्या स्पायरलमध्ये असली लोंबती वाक्यं एक पानभर होती, पण त्यावर ‘अनौपचारिक, टाळावे’ असा शेरा होता.

संध्याकाळी हॉटेलवर सोडलं. निघताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. तोंडात तेच आलं. ‘आय विल कम, मॅडम.’ आणि निघून आलो. रात्री साडेआठला हॉटेलवाल्याचा फोन. पाहुणे खाली बसलेत, म्हणतायत ड्रायव्हर परत येणार होता, जेवायला कुठं नेणार आहे का? धावत गेलो. बरं झालं म्हणायचं, त्या निमित्तानं त्यांना नान-कलिया खाऊ घातला आणि ३०० रुपये जास्त सुटले. पण ‘येतो’चं भाषांतर करायचं नसतं हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

अजून एक छोटी गोष्ट, ड्रायव्हर मंडळींच्या उपयोगाची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे आम्ही सगळे कसं सांगतो? ‘अजंता रिमेन्स क्लोज्ड ऑन मंडे.’ पाट्यांवरही तसंच लिहिलेलं असतं. मी तसं म्हटलं तर एका अमेरिकन पोरानं विचारलं, ‘स्टिल? व्हॉट हॅपन्ड?’ त्याला वाटलं काहीतरी दुर्घटना होऊन लेणी बंद पडलीत आणि सोमवारी सुद्धा उघडणार नाहीत. ‘रिमेन्स’ म्हणजे आधी बंद होतं ते तसंच राहिलं. नुसतं ‘इट्स क्लोज्ड ऑन मंडेज’ म्हटलं की भागतं. इतके दिवस एवढा साधा शब्द आम्ही का टाळत होतो, देव जाणे.

आता माझ्या भाचीबद्दल. ती इथं विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करते. मी तिला सगळं रडगाणं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं विचारलं, ‘मामा, पिवळा कसा असतो?’

‘पिवळा? पिवळाधमक.’

‘लाल?’

‘लालभडक.’

‘हिरवा?’

‘हिरवागार.’

‘मग हिरवाभडक का नाही? पांढराधमक का नाही? काळागार?’

मी म्हणालो, असं कसं म्हणतील? ती म्हणाली, ‘चूक दाखव यात.’ सरांचा किस्सा मीच तिला सांगितला होता, म्हणून मुद्दाम.

मग आमची आई मध्ये पडली. आई अशा बाबतीत फार पक्की. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, बांगड्या भरतात, कुंकू लावतात, काजळ घालतात. इंग्रजीत या सगळ्याला ‘वेअर’ एके ‘वेअर’. हैदराबादेकडची आमची एक सून पहिल्या दिवाळीला म्हणाली, ‘मी नवी साडी घातली, बांगड्या घातल्या.’ आई अजून ते सांगते. पोरीचं व्याकरण शुद्ध होतं बिचारीचं. लिंग, वचन, सगळं जागच्या जागी. पण शब्दांच्याही सोयरिकी असतात. कुणाचं कुणाशी जमतं ते जमतं. काय बघून जमवल्या ते विचारायला गेलं तर जमवणारे केव्हाच वारलेत.

भाची म्हणाली, इंग्रजीतही तसंच. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नाही. आणि गाडी ‘पॉवरफुल’ असते, ‘स्ट्राँग’ नाही. हे उदाहरण मायकेल हॅलिडे नावाच्या भाषेच्या अभ्यासकानं १९६६ साली दिलेलं. आयुष्यभर मी चहा आणि गाडी या दोन गोष्टींवर जगतोय, आणि नेमक्या त्याच दोघांवर एक माणूस माझ्या जन्माआधी लिहून गेलाय. मला फार बरं वाटलं.

तिनं आणखी एक सांगितलं. १९८३ साली (पुन्हा माझं वर्ष) अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या दोघांनी हाच प्रश्न मांडला होता. व्याकरण एखाद्या गोष्टीसाठी ढीगभर बरोबर वाक्यं बनवू देतं, त्यातली अगदी थोडीच माणसं बोलतात. मग जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्याला नेमकं तेच वाक्य कसं सुचतं? त्यांचं उदाहरण लग्नाचं. ‘आय वाँट टू मॅरी यू’ सगळे म्हणतात. ‘युवर मॅरिइंग मी इज डिझायर्ड बाय मी’ हेसुद्धा व्याकरणात बसतं. आमच्या प्रयोग बदलाच्या तासाला हे वाक्य आलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क. आमच्या लग्नात मी यातलं काहीच म्हटलं नाही. चहा-पोहे झाल्यावर मामांनी विचारलं, ‘मग?’ आणि मी म्हणालो, ‘पसंत आहे.’ दोन शब्दांत संसार उभा राहिला. ‘मुलगी मला आवडली’ असं म्हटलं असतं तर सासऱ्यांनी चप्पल हातात घेतली असती.

भाचीकडे मोबाइलवर एक शोधायची सोय आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणतात त्याला. खऱ्या इंग्रजीचे दहा कोटी शब्द गोळा करून ठेवलेत, पुस्तकं, वर्तमानपत्रं, पत्रं, आणि माणसांचं बोलणं टेप करून उतरवलेलं. पण त्या दहा कोटींत बोललेलं फक्त दहा टक्के, बाकी सगळं लिहिलेलं. शब्द टाकला की तो कुणाच्या शेजारी बसतो ते दिसतं. मला वेडच लागलं. एका रविवारी आम्ही दोघं तीन तास बसलो. स्पायरलमधला एकेक वजनदार शब्द टाकायचा आणि तो कुठल्या संगतीत राहतो ते बघायचं. ‘अलाइट’बद्दल भाचीनं सांगितलं की लंडनच्या भुयारी रेल्वेत घोषणा असते, अमक्या ठिकाणासाठी इथे ‘अलाइट’ करा. म्हणजे शब्द जिवंत आहे, पण तो भोंग्याचा शब्द आहे. आपल्या एसटी स्टँडवर ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ असतं, तसं. हेच वाक्य बायकोनं स्वयंपाकघरातून म्हटलं तर? आणि मी पाहुण्यांना रोज विचारत होतो, ‘व्हेअर डू यू विश टू अलाइट?’ भाचीनं दिलं : ‘व्हेअर शुड आय ड्रॉप यू?’ ड्रॉप! पाडू कुठं! हे ऐकून तर मी दोन दिवस घाबरत होतो, पण चालतं. रोज चालतंय.

क्लासमधली एक सवय मात्र अजून जात नाही, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची. सर त्याबाबतीत फार कडक. ‘इज द एसी ऑन?’ विचारलं तर ‘येस, द एसी इज ऑन.’ ‘इज इट फार?’ तर ‘नो, इट इज नॉट फार.’ कारण आम्ही सगळे ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या प्रश्नावर वाढलो. अर्धं उत्तर लिहिलं की अर्धा मार्क कापला. पण बोलताना पूर्ण वाक्य कोण बोलतं? ‘जेवलास का?’ ‘हो, मी जेवलो आहे’ असं म्हणणारा मुलगा घरात असेल तर आई त्याच्या कपाळाला हात लावून बघेल.

एक प्रसंग सांगायचा राहिला, आणि माझ्या लेखी तोच मुख्य. क्लास संपत आलेला. एक युरोपातली बाई, संशोधनाच्या कामाला आलेली, पुण्यात राहून मराठी शिकलेली. सिल्लोडच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. ती म्हणाली, मी बोलते. आणि टपरीवाल्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘नमस्कार. मला तहान लागलेली आहे. कृपया मला एक पेला पाणी द्यावे आणि त्यानंतर दोन कप चहा द्यावा.’

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. त्यानं हळूच मला विचारलं, ‘भाऊ, ह्या ताई कोर्टातल्या हायेत का?’

तिनं ऐकलं. ओशाळली. मला विचारलं, ‘माझे काय चुकले?’ आणि मी उभाच. काय सांगू? ‘लागलेली’ बरोबर, ‘द्यावे’ बरोबर, ‘द्यावा’ बरोबर, चहा पुल्लिंगी तेही बरोबर. माझ्या मराठीपेक्षा शुद्ध. मला एकदम ती शाळामास्तरीण आठवली, आरशातून बघणारी. त्या दिवशी मी कसा ऐकू आलो असेन ते मला या बाईच्या तोंडून ऐकू आलं.

तिनं वही काढली. ‘आपण काय म्हणाल?’

मी टपरीवाल्याला म्हणालो, ‘पाणी द्या हो. आन् दोन कडक.’

ती लिहायला लागली आणि थांबली. ‘दोन कडक काय?’

टपरीवाला आणि मी दोघं एकमेकांकडे बघतोय. काय म्हणजे? दोन कडक. ती म्हणाली, वाक्यात नाम नाही. मी म्हणालो, ताई, नाम पातेल्यात आहे. यावर ती इतकी हसली की टपरीवाल्यानं पाण्याचे पैसे घेतले नाहीत. (पाण्याचे पैसे कुणीच घेत नाही, पण तो मोठ्या मनानं नको म्हणाला.)

परतताना ती टपरीवाल्याला म्हणाली, ‘येते हं.’ हे तिनं कुठून उचललं मला माहीत नाही. मी तरी शिकवलं नव्हतं. टपरीवाला म्हणाला, ‘या ताई.’

आता दुसरी बाजू, नाहीतर सर म्हणतील एकतर्फी लिहिलं. भाचीचं इंग्रजी शिकून मी जरा शेफारलो होतो. व्हिएतनामहून आलेल्या भिक्खूंचा एक ग्रुप मिळाला. बौद्ध लेणी म्हणून अजिंठ्याला पूर्वेकडच्या देशांतून खूप लोक येतात. गाडीचं दार सरकवून मी झोकात म्हणालो, ‘हॉप इन!’ सहाही जण हसले आणि तसेच उभे. पुन्हा म्हणालो. पुन्हा हसले. शेवटी सरांची आठवण काढून एकेक शब्द सुटा करून म्हणालो, ‘प्लीज सिट इन द कार.’ पटापट बसले. त्या दोन दिवसांत स्पायरलमधली निम्मी वाक्यं वापरली आणि एकही वाया गेलं नाही. ‘वी हॅव रीच्ड’ त्यांना कळतं, ‘हिअर वी आर’ कळत नाही. त्यांचेही सर आमच्या सरांसारखेच असणार. जपानी, कोरियन पाहुण्यांचाही हाच अनुभव. दिल्लीचे पाहुणे तर मलाच विचारतात, ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ आणि मीही खुशीत सांगतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण दोघांच्याही डोक्यात ‘शुभ नाम’च असतं.

वाळूजचा सुपरवायझरही हेच म्हणाला. त्याच्या जर्मन लोकांना याचं क्लासचं इंग्रजी नीट समजतं. आडतवाल्याच्या पोरानं दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला. मोठ्या सिस्टरचं आता परदेशी नोकरीचं चाललंय, तिला परीक्षेत व्याकरणाचा फायदा झाला म्हणते. मला स्वतःलाही झाला. पूर्वी पाहुणा काही लांबलचक बोलला की मी ‘येस येस’ करायचो. आता वाक्य कुठं सुरू होतं, कुठं संपतं हे कळतं, भीती गेली. ‘ही डोन्ट’ गेलं, ‘आय अॅम गो’ छापाचं बोलणं गेलं. हे श्रेय सरांचंच. ते मी पेढे घेऊन जाऊन सांगितलंही. त्याच वेळी धीर करून पावसाचं वाक्य सांगितलं, ‘हिअर कम्स द रेन.’ सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. पण पेपरात लिहू नका.’

तेव्हा कुणी जावं? स्पर्धा परीक्षा, मुलाखत, कंपनीतली मेल, किंवा ज्यांच्या समोरचा माणूसही पुस्तकातूनच शिकलाय, त्यांनी डोळे झाकून जावं. इंग्लंड-अमेरिकेचे पाहुणे करणाऱ्यांनी पहिला महिना करावा, काळ पक्के करावेत आणि पुढचे पैसे वाचवावेत. त्याऐवजी गाडीत मागे बसलेली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकावं. मी आता डॅशबोर्डवर छोटी डायरी ठेवली आहे, सिग्नलला लिहून घेतो. कालची नोंद : पाणी सांडलं तर ‘व्हूप्स’, भूक लागली तर ‘आय कुड ईट’. मी खाऊ शकतो! म्हणजे भूक लागली!

पाच पैकी तीन स्टार. एक स्टार स्पायरलच्या ३५० चा कापला, एक त्या रुग्णाचा. अॅडव्हान्स बॅचसाठी क्लासचा मेसेज आलाय, शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलंय. अजून ठरवलं नाही. वॉशरूम स्वच्छ. पाण्याचा जार असतो, ग्लास एकच. पार्किंग नाही. दुचाकी जिन्याखाली लावली तर पानवाला ओरडतो, आणि तो मात्र फार सहज बोलतो.